तळ्यांचं शहर, कळपांची वाट

बंगळूरच्या तळ्याकाठचं गवत उन्हाळ्यातही हिरवंगार असतं. मेंढ्यांच्या पोटात जंतांची पहिली पेरणी बहुधा तिथेच होते. शहर वाढलं, कुरणं आटली आणि मेंढपाळाच्या वाट्याला नेमका हा काठच उरला.

बंगळूर म्हटलं की लालबाग, विधानसौध, काचेच्या उंच इमारती आणि वाफाळता मसाला डोसा डोळ्यांपुढे येतो. मेंढी काही कुणाला आठवत नाही. पण विमानतळावरून शहराकडे येणाऱ्या रस्त्यावर थोडं डावी-उजवीकडे पाहिलं, तर देवनहळ्ळी ते येलहंका या पट्ट्यात एखाद्या रिकाम्या प्लॉटवर, बांधकामाच्या पत्र्यांमागे किंवा तळ्याच्या उतारावर तीस-चाळीस मेंढ्यांचा कळप हमखास दिसतो. पुढे खांद्यावर घोंगडी टाकलेला मेंढपाळ, मागे एक कुत्रा. कन्नडात मेंढीला 'कुरी' म्हणतात आणि मेंढ्या राखणारा समाज 'कुरुबा'. आपल्याकडच्या धनगरांचा बिरोबा त्यांच्याकडे बीरप्पा, बीरेश्वर म्हणून पुजला जातो. भाषा बदलते, पण देव तोच आणि घोंगडीही तीच.

बकरी ईदच्या आधी चामराजपेठेच्या ईदगाह मैदानावर मेंढ्यांचा मोठा बाजार भरतो. उत्तर कर्नाटकातून ट्रक भरभरून जनावरं येतात. त्या गर्दीत 'बन्नूर' मेंढीचं नाव निघालं की गिऱ्हाईक थांबतं. मंड्या जिल्ह्यातल्या मळवळ्ळी आणि म्हैसूर जिल्ह्यातल्या बन्नूर परिसरातली ही जात. अंगानं बुटकी, भरीव, पांढरी, तोंडावर फिकट तपकिरी छटा. मागून पाहिलं तर मांड्यांचा आकार उलट्या 'यू' अक्षरासारखा. मटणाच्या चवीसाठी या मेंढीची दक्षिणेत ख्याती आहे.

अशी मेंढी विकायला नेताना जबडा सुजलेला, हिरड्या पांढुरक्या आणि पाठीचा कणा हाताला लागणारा निघाला, तर वर्षभराच्या कष्टांवर पाणी पडतं. मेंढपाळाची बँक म्हणजे त्याचा कळप. त्या बँकेला आतून पोखरणारा चोर म्हणजे जंत.

नदी नाही, म्हणून तळी

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळूरला मोठी नदी नाही. शहर एका उंचवट्यावर आहे. एका बाजूला पडलेला पाऊस अर्कावतीमार्गे कावेरीला मिळतो, तर दुसऱ्या बाजूचा दक्षिण पिनाकिनीकडे जातो. नदी नसलेल्या गावानं पाणी अडवायचं कसं? उत्तर होतं तळं. कन्नडात 'केरे'. १५३७ मध्ये केंपेगौडांनी हे शहर वसवलं आणि पेठांबरोबर तळीही बांधली. पुढे १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी बंगळूर घेतलं, ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं आणि मराठी माणसाचंही या शहराशी नातं जडलं. एका तळ्याचं जादा पाणी खालच्या तळ्यात, तिथून त्याच्या खालच्या तळ्यात अशी साखळीच इथे उभी राहिली.

तळ्याभोवती गाव, गावाभोवती शेती आणि शेतीच्या कडेला गायरान. पावसाळ्यात जनावरं माळावर चरत आणि उन्हाळ्यात तळ्यात उतरत. शेकडो वर्षं ही घडी चालली. त्यात दोन गोष्टी मेंढ्यांना सांभाळून होत्या. माळ भरपूर होता आणि कळप एका जागी थांबत नव्हता.

हिरवा काठ

बंगळूरला पावसाचे दोन बहर येतात. मे महिन्यात वळवाच्या सरी कोसळतात आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये मुख्य पाऊस पडतो. त्यातही सप्टेंबर साधारण सर्वांत ओला. म्हणजे जमीन वर्षातला बराच काळ दमट असते आणि हवा कधी फार तापत नाही. माणसाला हे हवामान आवडतं. जंतांनाही आवडतं.

यकृतात राहणारा पानाच्या आकाराचा चपटा कृमी घ्या. आपल्या देशात आढळणारी याची मोठी जात चार ते सात सेंटीमीटर लांब वाढते. जनावराच्या लेंड्यांतून अंडी बाहेर पडतात. ती पाण्यात पोचली तर त्यातून सूक्ष्म पिल्लू निघतं आणि त्याला सुमारे एका दिवसात विशिष्ट जातीची पाणगोगलगाय गाठावी लागते. गाठली नाही तर खेळ खलास. गाठली तर एकाची शेकडो होतात. काही आठवड्यांनी ती गोगलगायीतून बाहेर येतात आणि पाण्याकाठच्या गवताच्या पात्यावर चिकटून स्वतःभोवती कवच करतात. मेंढीनं ते पातं खाल्लं की प्रवास पुन्हा सुरू. आतडं फोडून यकृतात, यकृत कोरत पित्तनलिकेत. पूर्ण वाढ व्हायला तीन-चार महिने लागतात.

या गोष्टीचा छडा १८८० च्या सुमारास लागला. इंग्लंडमध्ये १८७९-८० च्या ओल्या हंगामात सुमारे तीस लाख मेंढ्या या रोगानं दगावल्याचं सांगतात. त्यानंतर इंग्लंडमध्ये थॉमस आणि जर्मनीत लॉयकार्ट या दोघांनी स्वतंत्रपणे गोगलगायीचा दुवा शोधून काढला. शत्रू मेंढीच्या पोटात असला तरी त्याचं घर पाण्याकाठी आहे, हे तेव्हा कळलं.

आता हे बंगळूरच्या तळ्याला लावून पाहा. पावसाळ्यात तळं भरतं. डिसेंबरनंतर पाणी मागे सरकू लागतं आणि मोकळ्या झालेल्या ओल्या पट्टीवर लुसलुशीत गवत उगवतं. माळ तोवर करपलेला असतो. साहजिकच आसपासचे सगळे कळप, गाई-म्हशी त्या पट्टीवर एकवटतात. गोगलगायीही तिथेच आणि कवचातली पिल्लंही तिथेच. उन्हाळ्यात जी जागा सर्वांत हिरवी, तीच सर्वांत धोक्याची ठरते. आणि रोग अंगावर दिसतो तो तीन-चार महिन्यांनी, जेव्हा कळप दुसरीकडे गेलेला असतो. त्यामुळे मेंढपाळ दोष देतो नव्या जागेला, तर कधी नशिबाला.

जनावर काठावर नेलं नाही म्हणजे सुटलो, असंही नाही. शहरातल्या कित्येक तळ्यांच्या कडेचं गवत कापून, भारे बांधून गोठ्यात नेलं जातं. ओल्या भाऱ्याबरोबर कवचंही घरपोच येतात. कडकडीत उन्हात वाळवलेल्या चाऱ्यात ती फारशी टिकत नाहीत, म्हणून कापलेलं गवत नीट वाळवून घालणं हा बिनखर्चाचा उपाय आहे.

लाल-पांढरा पीळ

दुसरा शत्रू माळावरही गाठतो. मेंढीच्या चौथ्या पोटात राहणारा हा गोल जंत दोन-तीन सेंटीमीटर लांब. रक्तानं भरलेलं त्याच्या मादीचं लाल आतडं आणि पांढरे अंडाशय एकमेकांभोवती गुंडाळलेले असतात. दोन रंगांच्या दोऱ्यांना पीळ द्यावा तसा. शास्त्रीय नाव हिमॉन्कस.

एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. आकडा किरकोळ वाटतो. पण पोटात हजार जंत असले तर रोज ५० मिलिलिटर आणि पाच हजार असले तर पाव लिटर रक्त गेलं. तीस किलोच्या मेंढीच्या अंगात रक्त असतं जेमतेम दोन-सव्वादोन लिटर. शिवाय एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते.

या रोगात हगवण लागेलच असं नाही, म्हणूनच तो फसवतो. लेंड्या चांगल्या दिसतात, पण जनावर कळपाच्या मागे पडू लागतं. पापणीच्या आतली बाजू पांढरी पडते. जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज येते. कोकरू तर सकाळी चांगलं असतं आणि संध्याकाळी मरून पडतं.

ऊब आणि ओल मिळाली तर अंड्यातून निघालेलं पिल्लू आठवड्याभरात संसर्गाला तयार होतं. दव किंवा पावसाच्या पाण्याच्या पातळ थरातून ते गवताच्या पात्यावर चढतं. पण फार उंच नाही. बहुतेक पिल्लं जमिनीपासून पाचेक सेंटीमीटरच्या आतच असतात. म्हणून दाट, उंच गवतात वरवर चरणाऱ्या जनावराला धोका कमी आणि खुरटलेलं गवत मुळापर्यंत ओरबाडणाऱ्याला जास्त. झाडपाला ओरपणारी शेळी त्यामुळेच थोडी सुरक्षित राहते. ती मेंढीसारखं खाली तोंड घालून चरू लागली, की तिलाही जंत सोडत नाहीत.

कळपात सर्वांना सारखाच धोका असतो, असं नाही. वर्षाच्या आतली कोकरं सर्वांत नाजूक, कारण जंतांशी लढण्याची ताकद त्यांच्या अंगात अजून आलेली नसते. दुसरा क्रमांक विणाऱ्या मेंढीचा. विण्याच्या आधी-नंतरचे काही आठवडे तिची प्रतिकारशक्ती उतरते आणि तिच्या लेंड्यांतून अंड्यांचा पाऊस पडतो. नेमकं त्याच वेळी तिचं कोकरू पहिल्यांदा गवताला तोंड लावत असतं. अर्धपोटी जनावर तिसरं. पोटाला पुरेसं, विशेषतः प्रथिनांचं खाणं मिळालं तर मेंढी बऱ्याच जंतांना पुरून उरते.

चालणं हेच औषध

आपल्याकडे शेतकरी धनगराला बोलावून शेतात मेंढ्या 'बसवतो'. रात्रभर कळप शेतात, लेंड्या-मूत्राचं खत जमिनीला आणि मोबदला धनगराला. कर्नाटकातही हीच रीत आहे. जंतांच्या दृष्टीनं पाहिलं तर या रीतीत मोठं शहाणपण दडलेलं आहे. आज पडलेल्या लेंडीतली अंडी तयार होईपर्यंत कळप पाच गावं पुढे गेलेला असतो. मागे राहिलेली पिल्लं उघड्या, नांगरलेल्या जमिनीवर उन्हानं वाळून मरतात. भटकंती हेच या जनावरांचं जुनं, फुकटचं जंतनाशक होतं.

बंगळूरभोवती हे औषध महाग होत चाललं आहे. २००८ मध्ये देवनहळ्ळीला नवा विमानतळ सुरू झाला. त्याच्या आगेमागे उत्तरेकडच्या जमिनींना सोन्याचे भाव आले. गायरानांवर वसाहती उठल्या, जुन्या वाटांवर कुंपणं पडली, आठपदरी रस्ता कळपासह ओलांडणं जिवावरचं झालं. ज्याला कुठे जाता येत नाही, तो मेंढपाळ त्याच दोन-चार तुकड्यांवर रोज फिरतो. म्हणजे कालच्याच लेंड्यांवर आज चरतो. गवत खुरटतं, तोंड जमिनीला टेकतं आणि जंतांची संख्या दर आठवड्याला वाढत जाते.

शहराच्या वायव्येला हेसरघट्टा आहे. अर्कावती अडवून १८९४ मध्ये इथे जलाशय बांधला गेला आणि बंगळूरला नळाचं पाणी मिळालं. आज नृत्यप्रेमींना हे गाव माहीत आहे ते प्रोतिमा बेदींनी १९९० मध्ये उभारलेल्या 'नृत्यग्राम'मुळे. जलाशयाच्या बाजूला पाच हजार एकरांच्या घरात गवताळ माळ आहे. पक्षी पाहायला येणारे तिथे दुर्बिणी लावून बसतात. अशी मोकळी, कोरडी, वाऱ्याची कुरणं पक्ष्यांची असतात तशी मेंढ्यांच्या तब्येतीचीही रखवालदार असतात. कळप विखुरला की जंतही विखुरतात.

हेब्बाळ आणि येलहंका

विमानतळाच्या रस्त्यावरच्या हेब्बाळ उड्डाणपुलावरून रोज हजारो गाड्या जातात. पुलाशेजारचं तळं सर्वांना दिसतं, पण जवळच जनावरांच्या आरोग्याचं एक मोठं केंद्र आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९२५ मध्ये बुळकांडी रोगाशी लढण्यासाठी इथे म्हैसूर सीरम इन्स्टिट्यूट सुरू झाली. गुराढोरांचा काळ ठरलेल्या त्या रोगाचं २०११ मध्ये जगातून उच्चाटन झालं. १९५८ मध्ये हेब्बाळलाच पशुवैद्यक महाविद्यालय आलं.

थोडं पुढे येलहंक्याला जनावरांच्या साथींचा माग ठेवणारी केंद्र सरकारची संस्था आहे. १९८७ मध्ये एक प्रकल्प म्हणून कामाला सुरुवात झाली आणि २०१३ पासून ती 'निवेदी' या नावानं ओळखली जाते. पाऊस, तापमान, आर्द्रता, जनावरांची संख्या आणि आधीच्या वर्षांतल्या साथींची नोंद यांचा मेळ घालून कोणत्या जिल्ह्यात कोणता रोग उद्भवू शकेल, याचा अंदाज इथून दोन महिने आधी दिला जातो. त्यात यकृतातल्या चपट्या कृमींचाही समावेश असतो. हवामान खातं पावसाचा अंदाज सांगतं, तसा हा जंतांचा.

अंदाज कागदावर राहिला तर उपयोग नाही. गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पाच-दहा मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या पुड्यांत नेल्या, तर सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजून कोणते जंत आहेत आणि किती, हे सांगता येतं. आधी लेंडी तपासा, मग औषध पाजा. मेंढीबाबत हा क्रम पाळला तर निम्मा पैसा वाचतो.

औषध थकतं तेव्हा

औषधं चांगली आहेत, पण ती अमर नाहीत. १९६१ मध्ये थायाबेंडॅझोल हे जंतनाशक बाजारात आलं आणि १९६४ मध्येच त्याला न जुमानणाऱ्या जंतांची नोंद झाली. जपानी मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं आयव्हरमेक्टिन १९८१ पासून जनावरांसाठी वापरात आलं. माणसांच्या रोगांवरही ते इतकं गुणकारी ठरलं, की त्याबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. मेंढ्यांतल्या हिमॉन्कसनं मात्र त्यालाही दाद न देण्याची कला अनेक देशांत साधली. भारतातही औषधांना न बधणारे जंत आढळले आहेत.

हे घडतं कसं? दुकानातून एकच औषध वर्षानुवर्षं आणलं जातं. वजन न करता अंदाजानं पाजलं जातं, तेही थोडं कमीच, कारण बाटली पुरवायची असते. अर्ध्या मात्रेनं कमजोर जंत मरतात आणि चिवट उरतात. पुढची पिढी त्या चिवटांची.

दक्षिण आफ्रिकेत यावर एक साधी युक्ती निघाली. पापणी उलटून आतला रंग एका छापील कार्डावरच्या पाच रंगांशी ताडून पाहायचा. लालबुंद असेल तर जनावर ठीक, पांढरट असेल तर औषध द्या. कळपातली थोडी जनावरंच बहुतेक जंत वागवत असतात, त्यामुळे सगळ्यांना औषध पाजावं लागत नाही. ज्यांना औषध दिलं नाही त्यांच्या पोटातले साधे जंत शिल्लक राहतात आणि चिवट जंतांची गर्दी होऊ देत नाहीत. 'फमाचा' नावाची ही पद्धत रक्त पिणाऱ्या जंतांपुरतीच आहे, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. आणि कार्ड हाती धरण्याआधी ते कसं पाहायचं, हे पशुवैद्याकडून शिकून घ्यायला हवं.

फलटणचा धागा

बन्नूरच्या या मेंढीची जंतांशी झुंज तपासली गेली ती महाराष्ट्रात. सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं आपली दख्खनी, कर्नाटकची बन्नूर आणि बंगालमधल्या सुंदरबनची गरोळ या मेंढ्यांचे संकर करून त्यांची वाढ आणि जंतांशी टक्कर देण्याची ताकद मोजली. गरोळ ही इवलीशी मेंढी, दलदलीत गुडघाभर पाण्यातही चरणारी. तिच्या रक्ताची कोकरं वजनात मागे पडली, पण त्यांच्या लेंड्यांत जंतांची अंडी कमी निघाली. २००३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिढ्यान् पिढ्या ओलीत जगलेल्या जातीनं जंतांशी कसं वागायचं, हे रक्तातच मुरवून घेतलं होतं. वजन आणि चिवटपणा यांचा मेळ घालणं हे आता पैदासकारांपुढचं काम आहे.

कुत्रा, मेंढी आणि माणूस

मटण खाणाऱ्यांनी घाबरण्याचं कारण नाही. चौथ्या पोटातला जंत मांसात नसतो आणि शिजवलेल्या कलेजीतून यकृत-कृमी माणसाला होत नाही. काळजी घ्यायची ती वेगळ्याच ठिकाणी.

मेंढी कापल्यावर फुफ्फुस, यकृत किंवा डोकं कुत्र्यांपुढे कच्चंच फेकायची सवय अनेक गावांत आहे. त्या अवयवांत फीतकृमींच्या पाणीदार गाठी असू शकतात. त्या खाऊन कुत्र्याच्या आतड्यात कृमी वाढतो आणि त्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर, भाजीवर, कुत्र्याच्या केसांवर पसरतात. एका जातीची अंडी मेंढीच्या मेंदूत गाठ करतात. मग ती मेंढी एकाच बाजूला गोल गोल फिरत राहते आणि लोक तिला बाहेरची बाधा झाली म्हणतात. दुसऱ्या जातीची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुफ्फुसात हायडॅटिड गाठ वाढू शकते आणि ती काढायला शस्त्रक्रियेची पाळी येते. टाकाऊ अवयव खोल पुरणं किंवा शिजवून घालणं, कुत्र्याला पशुवैद्याच्या सल्ल्यानं नियमित जंताचं औषध देणं आणि कुत्र्याला कुरवाळल्यावर मुलांचे हात साबणानं धुणं एवढ्यानं ही साखळी तुटते. पाण्याकाठी उगवलेली पालेभाजी कच्ची खाणंही टाळलेलं बरं.

जायचं असेल तर

हेसरघट्टा बंगळूरपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. सकाळी लवकर गेलं तर माळावर पक्षीही दिसतात आणि कळपही. जाणता मेंढपाळ त्या वेळी घाई करत नाही. दव वाळेपर्यंत मेंढ्या वाड्यातच ठेवतो, कारण पात्यावर चढलेली पिल्लं ऊन चढल्यावर खाली उतरतात. बन्नूर म्हैसूरपासून साधारण पंचवीस किलोमीटर. तिथून दहाएक किलोमीटरवर सोमनाथपूरचं तेराव्या शतकातलं होयसळ मंदिर आहे. २०२३ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. मंदिर पाहून परतताना वाटेवरच्या शेतांत बुटक्या, पांढऱ्या मेंढ्या दिसल्या तर गाडी थोडी थांबवा. कळप कोरड्या बांधावर चरतो आहे की तळ्याच्या ओल्या काठावर, तेवढं पाहिलं तरी त्याचं पुढचं वर्ष कसं जाईल, याचा बराचसा अंदाज येतो.